डाग

तू खोटं बोलला नाहीस, गुरम.
लिलोच्या बाजारात, टायरांच्या ढिगामागे
तू प्लग खोचलास आणि म्हणालास, 'ऐक.'
मशीन घूं घूं करत होतं.
घुमतंय म्हणजे चालतंय असं समजून
मी चाळीस लारी मोजल्या,
आणि अडतीस किलो लोखंड
मेहुण्याला, झुराबला हाताशी धरून चार जिने वर आणलं,
प्रत्येक वळणावर टेकवत,
प्रत्येक वळणावर तुझ्या नावाने काहीतरी म्हणत.

कारण एवढंच, की तळमजल्यावरच्या ओतारची द्राक्षवेल
तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून आली आहे
आणि पुढे तिला धरायला काही नाही.
रोज सकाळी आमच्या कठड्याखाली
तिचा एक तणावा हवेत चाचपडताना दिसतो.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर.
त्सिआला म्हणाली, 'मढं धुवायला घेतलंय का?'
झाकणाचे सहा स्क्रू. चार निघाले,
पाचव्याचं डोकं झिजलं,
सहावा मुळात नव्हताच.
आत कुंभारणीचं मातीचं घर,
सूर्यफुलाच्या बियांची टरफलं
(कुठल्या गावचा उंदीर, कुणास ठाऊक)
आणि जळक्या वार्निशचा वास,
जो एकदा नाकात बसला
की पुढचे दोन दिवस चहालाही येतो.

जिन्यातला बल्ब काढून तारेत जोडला. पेटला.
म्हणजे आतलं वेटोळं शाबूत.
पण तांब्याचं नव्हतं ते, गुरम.
वरचा लाल रंग नखाने खरवडला
तर खाली पांढरं ॲल्युमिनियम.
ॲल्युमिनियम डाग धरत नाही.
शिशाचा गोळा होतो आणि घरंगळतो,
न जेवता उठलेल्या पाहुण्यासारखा.

वेटोळ्याच्या टोकापासून बाहेरच्या बोल्टपर्यंत
चार बोटांचं अंतर,
आणि तिथेच घोडं अडलेलं.
काळी खपली. चाकूने काढली, मग पॉलिशपेपरने घासली,
आणि खालून निघाला
एक चमचा.
दांडा ठोकून सपाट केलेला, दोन भोकं,
वाटी अर्धी कापलेली.
तुझ्याही आधीच्या कुणीतरी केलेली दुरुस्ती.
दांड्यावर शिक्का: कॅंटीन नंबर तीन.

त्सिआलाला हाक मारली.
तिने ओले हात पुसले, चष्मा लावला, खिडकीशी गेली.
बावीस वर्षं त्या कॅंटीनमध्ये
तिसरी पाळी संपल्यावर चमचे मोजायची ती.
कमी भरला तर चमच्यामागे अकरा कोपेक, पगारातून.
अजूनही झोपेत कधीकधी
क्रेनवरच्या पोरींना शिव्या देते.

'आमचाच,' म्हणाली.

मला वाटलं, आता सुरू होणार.
पण तिने सर्वांत खालचा खण ओढला,
मेणबत्त्या, रबरबँड, बंद पडलेली घड्याळं,
त्याखालचं वर्तमानपत्र उचललं
आणि माझ्यापुढे दुसरा ठेवला.
तोच शिक्का.
एकदाही कुणाच्या तोंडाला न लागलेला.

मी स्क्रू शोधायच्या निमित्ताने टेबलाखाली वाकलो.

'भोकं सरळ पाड,' ती वरून म्हणाली.

दोन चमचे, पाठीला पाठ.
नवा बोल्ट, मध्ये वॉशर,
पाना दाताशी दात लागेपर्यंत आवळला.
रविवारी पुन्हा चार जिने, या वेळी खाली,
आणि या वेळी, गुरम, तुझं नाव न घेता.

अंगणात पाइप आडवे मांडले.
कांडी टेकवली तशी आख्ख्या इमारतीचे दिवे दचकले,
पाचव्या मजल्यावरून एतेरी ओरडली
की तिची मालिका गेली.
पहिला टाका कबुतराने टाकावा तसा पडला.
दुसराही.
तिसरा मात्र धरला.

वर कठड्याशी त्सिआला उभी होती.
उजेडाकडे बघू नकोस, असं बजावलं होतं मी.
डोळ्यांवर हात होता तिचा,
बोटं जराशी फाकलेली.
टाके मोजत असावी.
सवय.