कोबाल्टचं वय

आई मटिल्डा स्ट्रीटच्या कारखान्यात पाती चमकवायची.
कमरेला तपकिरी कागद, डोक्याला लाल रुमाल,
आणि रात्री पापण्या धुतल्या की बशीत काळं पाणी.
कुणाच्याही घरी जेवायला बसली
की आधी सुरी उजेडात तिरकी धरून बघायची,
आपल्या शेफिल्डची की परकी.

मी सर्जन झाले तेव्हा तिने एवढंच विचारलं,
"तुमच्याकडे धार कोण लावून देतं?"

अकरा वर्षं मी कवट्या उघडल्या.
मग ब्रूमहेड आला, बावन्न नंबरच्या बसचा ड्रायव्हर.
त्याच्या डोक्यात रक्तवाहिन्यांचा गुंता,
इतका खोल
की तिथवर पोचायचं म्हणजे त्याची भाषा तुडवत जायचं.
मी पातं खाली ठेवलं.

खाणकामगारांचा संप मोडला, तो वसंत.
तळघरात नवं यंत्र आलं होतं,
लोखंडी टोपात दोनशे एक भोकं,
प्रत्येकामागे कोबाल्टचा कण.
एकटा किरण अगदी दुबळा,
वाटेत कुणाचं काही बिघडवत नाही.
सगळे एका जागी जमले, की मात्र.
(संपवाल्यांना हे आधीच ठाऊक होतं.)

रोलंड हातमोजे काढता काढता म्हणाला,
"म्हणजे आता तू फोटोग्राफर?"

सकाळी चौकट बसवायची.
कपाळावर दोन स्क्रू, मागे दोन.
ते मीच कसत आले, कुणावर सोपवले नाहीत;
माझ्या हातांना उरलेलं तेवढंच काम.
मग जाड दार लागतं.
आत माणूस एकटा, बाहेर मी आणि गार होणारा चहा.
"काय ऐकणार?" मी माइकवर विचारते.
ब्रूमहेडने ब्रास बँड मागितला.
दुपारी कपाळाला पट्ट्या लावून तो बसनेच घरी गेला,
प्रवाशांच्या बाकावर.
केसालाही धक्का न लावता, म्हणतात ना,
तसं. शब्दशः.

पण गुंता त्या दिवशी मिटत नाही.
आतून भिंत जाड होत जाते,
जुन्या नळात क्षार चढावेत तशी,
दोन वर्षं, कधी तीन.
रोलंडला संध्याकाळपर्यंत कळायचं, जिंकला की हरला.
मला पोस्टमनची वाट बघावी लागते.

आयव्ही डंगवर्थ.
एकोणिसाव्या महिन्यात, दोरीवर चादर टाकताना.
माझं गणित बरोबर होतं. मी ते चारदा तपासलं.
तिच्या पुढच्या स्कॅनचं कार्ड
नवऱ्याने परत पाठवलं.
मागची बाजू कोरी.
ते अजून माझ्या खणात आहे.

कोबाल्ट म्हातारा होतो,
सव्वापाच वर्षांत निम्मा.
ज्या गाठीला वीस मिनिटं लागायची, तिला चाळीस.
इम्तियाझ, आमचा फिजिसिस्ट, दर महिन्याला
फळ्यावरचा जुना आकडा पुसून नवा लिहितो,
आणि माझ्याकडे बघायचं टाळतो.
मग एका रात्री पोलिसांच्या गाडीमागून
शिशाच्या पेटीत नवे कण येतात,
यंत्र पुन्हा पंचविशीचं.
मी तीनदा पाहिलं हे.
चौथ्यांदा पेटी आली तेव्हा माझ्या निरोपाचा केक कापत होते.

त्यांनी मला सुरी दिली, छोटी, शिंगाच्या मुठीची,
गावातल्या शेवटच्या कारागिराकडून करवून घेतलेली.
सुरी फुकट घेतली तर मैत्री तुटते म्हणतात,
म्हणून मी इम्तियाझच्या हातावर एक पेनी ठेवली.
"आणि आजची ती मुलगी," मी म्हटलं,
"तिचं स्कॅन परवाच्या वर्षी, मार्चमध्ये.
मला पत्र टाक. फोन नको."

आता सकाळी दाराच्या फटीतून टपाल पडतं.
विजेचं बिल, ब्रूमहेडचं नाताळचं कार्ड,
बियाण्यांच्या जाहिराती.
पाकीट फोडण्याआधी सुरी खिडकीशी नेते,
तिरकी धरते.
धार उत्तम आहे, आई.
मार्चला अजून चौदा महिने आहेत.