सहा सत्तेचाळीस

मार्च अखेरीला बँकेत
पाणी प्यायलाही उठवत नाही,
तरी पाच पन्नासची समडोळी एसटी
मी सोडत नाही.
कृष्णेचा पूल मागं पडला
की गाडी मावळतीकडं तोंड करते,
आणि ड्रायव्हरच्या काचेत, लिंबू-मिरचीच्या शेजारी,
सूर्य लटकत असतो.
आम्ही दोघं एकाच गावाला निघालेलो.
आधी कोण पोचतं, एवढंच.

मार्गशीर्षात तोच पोचतो.
तेव्हा मी स्टँडच्या बाकावर
डबा मांडीवर घेऊन
गार भाकरी उरकते, घड्याळाकडं बघत.
शेजारची बाई विचारते, "एवढ्या लवकर जेवताय?"
"भूक लागली," म्हणते मी.
सगळं कुठं सांगत बसायचं.

पण चैत्र लागतो,
आणि आप्पा कॅलेंडरवरचा सूर्यास्त
चष्मा कपाळावर सरकवून वाचतात:
"सहा सत्तेचाळीस. मिनिट वाढलं बघ, रत्नप्रभा."
पगारवाढ सांगावी तसं.

मग रोज संध्याकाळी
चंदना गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर चढून,
ओरडून खबर देते: "आहे अजून! उसाला टेकलाय!"
श्रेणिक हात धुतल्यासारखे करतो,
नखांतली हळद तशीच.
(शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन गेली हळद,
घराचा वास मात्र गेला नाही.)
आत्याबाई ताटं सरळ करतात,
कैरीची डाळ, मुगाचं वरण,
तव्यावरची शेवटची भाकरी माझी,
कारण फुगलेली ती मलाच आवडते,
हे मी कधी बोलले नव्हते.
पाडव्याला नळाला बांधलेलं नवं गाळणं
अजून पांढरं आहे.
पाच माणसं, वीस मिनिटं, एक खिडकी.
बोलणं काय? मीठ कमी, वीजबिल, कुणाची म्हैस व्याली.

परवा पुलावर एसटी बंद पडली.
कंडक्टर खाली उतरून फोन लावत राहिला,
आणि माझ्यासमोर, नदीपलीकडं,
तो गेला. अगदी सावकाश.
सांजवताना कुणी पणतीवर हात धरावा
तसा.

घरी पोचले तर चांदणं पडलेलं.
चंदनाला भरवून झालं होतं.
बाकीची चार ताटं तशीच मांडलेली,
त्यावर दुरडी झाकलेली,
आणि तिघंही अंगणात.
"जेवला नाही?"
"भूकच नव्हती," म्हणाले आप्पा.
पन्नास वर्षं रोज बस्तीत
खोटं बोलू नये हे ऐकणारा माणूस,
मान दुसरीकडं वळवून.
आत्याबाई हसल्या. "पोट बिघडलंय म्हणं सगळ्यांचं."

रागावणार होते मी. जमलं नाही.
अंधार पडल्यावर आता कुणी काही घेणार नव्हतं,
पाणीसुद्धा.
मग पायरीवर बसलो,
मोगऱ्याला सात कळ्या आल्यात, त्या मोजल्या,
आठवी आहे की पान, यावर वाद झाला.
श्रेणिकचं पोट गुरगुरलं
आणि चंदना खो-खो हसत सुटली,
मग आप्पाही, खांद्यावरच्या टॉवेलात तोंड लपवून.
रिकाम्या पोटी इतकं हसलेलं
आमच्या घरात कुणाला आठवत नाही.

मला शास्त्र फारसं येत नाही.
णमोकार म्हणताना मधेच
उद्याची कॅश आठवते.
जीव वाचवायचा म्हणजे किडा-मुंगीचा,
एवढंच लहानपणी शिकले होते.

सकाळी आप्पा बस्तीतून आले,
वाटीतलं गंधोदक बोटानं माझ्या कपाळाला लावलं,
थंड, थोडं केशराचं.
आत्याबाईंनी तोवर तवा ठेवलेला.
"बस आधी," म्हणाल्या,
"दोन वेळचं जेवायचंय तुला."

आणि गच्चीवरून, दात घासता घासता,
तोंडभर फेसातून चंदना ओरडली:
"आला!"