नक्की कोणत्या तारखेपासून

फॉर्मवर चौकोन एकच आहे:
जोडीदारासोबत राहू लागल्याची तारीख.
दिवस, महिना, वर्ष.
खाली दोन ओळी लिहायलाही जागा नाही.

एमलिन पहिल्यांदा आला तो बॉयलर बघायला.
जानेवारी. समुद्रावरचा वारा
पोर्ट टॅल्बटच्या खिडक्यांना मीठ चोळत होता
आणि ओवेन शाळेचा कोट घालूनच झोपायचा.
याने पाना फिरवला, चहा घेतला,
पैसे घेतले नाहीत.
ती तारीख धरायची?

की मार्चमधली, मला ताप भरला तेव्हाची?
लीक-बटाट्याचं सूप घेऊन आला
आणि रात्रभर खुर्चीत बसून राहिला,
बूटसुद्धा न काढता.
बूट न काढता राहिलेलं
राहण्यात धरतात का?

आमच्या गल्लीत नियम सगळ्यांना पाठ:
आठवड्याला तीन रात्री चालतात,
चौथीला पकडतात.
म्हणून मी मोजत आले.
कॅलेंडरवर पेन्सिलीची टिंबं, सोमवार, गुरुवार, शनिवार.
ओवेनला वाटायचं कचऱ्याच्या गाडीचे दिवस.
टूथब्रश फॉइलमध्ये गुंडाळून
एमलिन खिशात न्यायचा, सँडविचसारखा.
व्हॅन दोन गल्ल्या पलीकडे,
कारण समोरच्या मिसेस प्यूंचा पडदा
वारा नसतानाही हलतो.

लायब्ररीतल्या सल्ला केंद्रातली ग्लेनिस म्हणाली,
तीन रात्रींचा नियम कुठेच नाही गं.
कधी नव्हताच.
मग बघतात तरी काय?
ती चष्मा पुसत राहिली.
बघतात, बिलं कोण भरतं,
कपडे कोण धुतं, पोराला शाळेतून कोण आणतं,
आजारपणात कोण उठतं,
चार लोक तुम्हाला काय समजतात.

एवढं तर माझ्या लग्नातही
कुणी बघितलं नव्हतं.

मग तिने पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले.
दोघांचा मिळून एकच अर्ज.
दोन एकट्यांना मिळतं त्यापेक्षा
एका जोडप्याला कमी.
त्याच्या पगारातले ठरावीक सोडून
पुढच्या दर पाउंडामागे पंचावन्न पेन्स कापणार.
एकटीची म्हणून कौन्सिल टॅक्समधली पाव सूट, तीही जाणार.
आणि हो, पैसे एकाच खात्यात येतील.

बाकी सगळं मी ऐकून घेतलं होतं.

डॅरेनच्या वेळीही खातं एकच होतं.
कार्ड त्याच्या पाकिटात.
पॅड आणायला हात पसरायचा
आणि आल्यावर पावती दाखवायची.
सात वर्षं.
मग हे घर, आणि माझ्या एकटीच्या नावाचं
ते पहिलं सरकारी पत्र, तपकिरी पाकिटातलं.
कितीतरी दिवस ते फ्रिजवर होतं.
लोक म्हणतात, फुकटचा पैसा.
असेल.
मला ती दाराची आतली कडी वाटायची.

एमलिनला सांगितलं ते व्हॅनमध्येच, पार्सलांच्या ढिगाशेजारी.
भट्टी थंड झाल्यापासून तो घरोघरी खोकी पोचवतो,
स्वतःचं एक खोकं मात्र
वर्षभर कुठे उतरवू शकलेला नाही.
बराच वेळ स्टिअरिंगवर बोटं मोजत बसला.
मग म्हणाला, तुझ्याच खात्यात घे.
मला डिझेलपुरते दिलेस की झालं.

देईन, म्हटलं.
पण पावती आणायची नाही.
कधीच नाही, कळलं?
त्याला काही कळलं नाही. त्याने मान हलवली.

काल तो आला. व्हॅन दारातच लावली.
मिसेस प्यूंचा पडदा हलला, मी हात केला.
ओवेन कॅलेंडरपाशी उभा राहून कोड्यात पडलेला:
आज तर गाडीचा दिवस नाही,
मग हा कसा आला?

मी फॉर्म पुढे ओढला.
मंगळवार होता.
चौकोनात वार लिहायला जागा नाही,
म्हणून आकडेच लिहिले, जरा दाबून.