धावदोरा

कारोंगाहून कापोरोला जाताना
लुफिल्याच्या पुलाच्या जरा अलीकडे
मागचा टायर फटकन बोलला.
भाताच्या खाचरातले बगळे उठले, पुन्हा बसले.
तुपोकिग्वे मागून म्हणाली,
"हे भाड्यात धरलंय का?"

तिच्या मांडीवर शिवणयंत्र.
काळं, सोनेरी वेल झिजलेलं,
चितेंजेत गुंडाळलेलं तान्ह्यासारखं.
कापोरोच्या शाळेचे चाळीस गणवेश तिला शिवायचे होते,
सोमवारच्या आत.
मी म्हटलं, मावशी, उतर. आधी लेकरू उतरव.

ट्यूबचं मला कौतुक नाही.
तेरा वर्षं मी या रस्त्यानं वाहतोय
माणसं, कोंबड्या, तांदळाची पोती,
एकदा तर एक दरवाजा, चौकटीसकट.
पाणी नव्हतं, थुंकी लावून भोक शोधलं.
बारीक बुडबुडा आला, डोळा मिचकावून गेला.
दगडानं घासलं,
सोल्यूशनची नळी शेपटीपासून पिळली,
ठिगळ दाबून धरलं आणि शंभर मोजले.
साठाच्या पुढे मी नेहमी चुकतो,
म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

पण टायरच फाटला होता.
कडेला, चांगला चार बोटं.
हवा भरली की ट्यूब त्यातून बाहेर येणार,
बेडकाचा गळा फुगतो तशी.

ग्वाकिसा घंटी वाजवत गेला,
मागे पाद्री बसलेला, टोपी धरून.
"अंबाकिस्ये, गवत भर, गवत!"
गवत भरून मी एकदा गेलोय.
आतडी हलतात,
आणि गिऱ्हाईक विचारतं,
सायकलला वैरण रोज घालतोस की रविवारीच?

तळ्याकडून म्वेराचा वारा सुटला होता.
मी टायर हातात धरून बसलो,
मेलेल्या सापासारखा.

"सरक," ती म्हणाली.
पिशवीतून दाभण काढलं, पोती शिवायचं.
मग जाळ्याचा नायलॉन.
"नवरा मासेमारीला म्हणून टांझानियात गेला.
तो तिकडेच राहिला, दोरा इथे राहिला."
दोरा दातानं ओढून पाहिला.
"कुठवर जायचंय याला?"
कापोरोपर्यंत, मी म्हटलं.
"मग धावदोरा पुरे. तो कच्चाच असतो."
आणि मला परत यायचंय, ते?
"परतीचं भाडं मी देत नाही."

आतून तिनं खाकीचा तुकडा लावला,
कुणा पोराच्या खिशाचं कापड.
दाभण रबरात जाताना कुरकुरत होतं.
मी बघत होतो:
प्रत्येक टाक्याला ती एक पाऊल मागे येत होती,
मग पुढे.
म्हणजे उलटी टीप.
मी काही बोललो नाही. तीही नाही.

पंप पुलाखालच्या पोराचा.
त्यानं शंभर क्वाचा घेतले,
वर तीनदा घंटी वाजवायची परवानगी.

बसलो, पाय मारला,
पेडल नुसतंच फिरलं.
फ्रीव्हीलमधले कुत्रे झोपलेले!
चिकट ग्रीस खाऊन सुस्त.
मी आकाशाकडे बघून जे बोललो
ते पाद्री लांब गेल्यावर बोललो, हे बरं झालं.
तिनं शिवणयंत्राच्या तेलाची कुपी पुढे केली.
चार थेंब. चाक उलटं फिरवलं, टपली मारली.
कट. कट. कटकटकट.
जागे झाले.

कापोरोला मी अर्धेच मागितले.
तिनं पुरे दिले,
मग त्यातली एक नोट परत घेतली.
"दोऱ्याची."

पावसाळा गेला, टायर गुळगुळीत झाला,
वरची नक्षी कुठल्या कुठे रस्त्याला लागली.
टाके मात्र कडेला आहेत, सतरा.
उतारावर खाली पाहिलं
तर त्यांची एक पांढरी रेघ होते.
चढावर मोजता येतात.