उभं जाणं

रेलोनकावीच्या खाडीत
वर वावभर गोडं पाणी, डोंगरावरच्या बर्फाचं;
खाली खारं, जड, जुनं.
दोहोंच्या सीमेवर शिणाण्यांची पिल्लं.
मी ती मोजते.
बारीक जाळी, काचेवर थेंब,
सतरा, अठरा, दोनशे चार.

एरक्लिओ पाइयान रोज विचारतो,
दोऱ्या सोडू का?
थांब, म्हणते. अजून डोळा उमटला नाही.
तो होडीत बसून मातेचा घोट घेतो
आणि माझ्या शिक्षणाबद्दल काहीतरी पुटपुटतो.

पिल्लू मिठाच्या कणाएवढं,
केसांची एक झालर, तिच्यावर सगळा कारभार.
प्रवाहाशी झगडणं
त्याच्या बापजन्मी जमायचं नाही.
पण वर जाता येतं त्याला, खाली जाता येतं.
वरचं पाणी महासागराकडे पळतं,
खालचं सावकाश आत सरकतं.
चार हात बुडी मारली
की ज्या वाटेनं वाहून गेलं
त्याच वाटेखालून परत.

मग एक दिवस पाय फुटतो. एकच.
तो टेकवून बघायचा, उचलायचा.
ही दोरी गुळगुळीत, नको.
इथं आपल्यातलं कोणी नाही, नको.
झालर हलवून पुन्हा पाण्यात.
फार दिवस नको-नको झालं
की बसतं कशावरही,
बुटाच्या तळव्यावरसुद्धा. पाहिलंय मी.

गेल्या वर्षी कंपनीनं निळ्या कोऱ्या दोऱ्या दिल्या.
ओतिलिया नाउएल्किननं आपल्या जुन्याच सोडल्या,
शेवाळलेल्या, कुबट.
डिसेंबरात निळ्या वर आल्या, नुसत्या ओल्या.
तिच्या काळ्याभोर, धरायला जागा नाही.
एप्रनला हात पुसत म्हणाली,
वास लागतो.

मी कलामाची. तिथं पाऊस कोणी पाहिलेला नाही.
सहा आठवड्यांसाठी आले होते.
ओतिलियाच्या खाटेखाली दोन वर्षं
माझी बॅग बांधलेलीच होती.
कधी सोडली, आठवत नाही.
स्वैपाकघरात ओली लोकर, धूर,
चुलीवर वाळत टाकलेलं कोचायुयो.

आज संध्याकाळी काचेवर
टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका.
दुसऱ्यातही. नवव्यातही.
रेडिओवर म्हटलं, सोड.
बराच वेळ काही नाही.
मग काठावरून घसरणाऱ्या दोऱ्यांचा आवाज.

बसलेलंही कधी सुटतं म्हणा.
कोवळं असताना लांब धागा सोडतं
आणि निघून जातं प्रवाहाबरोबर.
त्यांची नोंद माझ्या वहीत नाही.
रकानाच आखलेला नाही.