फुलीची सही

पहिल्यांदा तो भेटला पगाराच्या वहीत:
फार्कर बॅनरमन, शिपाई, उंची पाच फूट चार,
केस तांबूस, पूर्वीचा धंदा काही नाही.
पुढच्या पानावर फरकार. मग फर्कोर.
कारकून बदलला की नावात फरक पडायचा.
त्याला काय, त्याला वाचता येत नव्हतं.

आज तिसरा दिवस, तेच सुती हातमोजे.
खिडकीबाहेर खाडीवर पातळ बर्फ धरतंय,
हीटर म्हाताऱ्यासारखा खोकतो.

लढाई संपली तेव्हा पगाराऐवजी जमीन मिळाली,
म्हणजे दोनशे एकर झाडं.
शिवाय एक कुऱ्हाड, दोन घोंगड्या,
आणि दोन कुटुंबांत मिळून एक गाय.
गाय कुणाच्या दारात बांधली याची नोंद नाही.
भांडणाची आहे.

आमच्यापर्यंत त्याची बंदूक आली ती नळीपुरती.
आजोबा तिनं चुलीतले निखारे सारायचे.
लाकडी दस्ता पहिल्याच हिवाळ्यात जळाला म्हणे,
मोराग बाळंत झाली त्या रात्री.
मूल उजाडेपर्यंतही टिकलं नाही.
दस्ता उगाच जाळला, असं तो म्हातारपणी पुटपुटायचा
गेलिकमध्ये. इंग्रजीतले त्याला फक्त हुकूम कळायचे.

आणि सदरलंडच्या दरीची ती गोष्ट:
मेंढ्या येणार म्हणून माणसं हटवली,
कुणी परतू नये म्हणून छपरांच्या तुळया पेटवल्या,
त्याची आई चुलीतला विस्तव मडक्यात घेऊन
समुद्रापर्यंत चालत गेली.
ही गोष्ट आम्ही दर नाताळात सांगतो.
विस्तवापाशी आलं की आत्या रडते.

चौथ्या पेटीत त्याचा अर्ज निघाला,
कुणाकडून तरी लिहवून घेतलेला:
ओढ्याच्या मुखाशी मिकमाक लोकांच्या पाच झोपड्या आहेत.
ती जागा माझ्या हद्दीत येते.
साहेबांनी त्यांना उठवावं.
समासात शेरा, मंजूर.
खाली फुली.

पहिली रेघ दाबून मारलेली,
शाई मागच्या बाजूला उमटली आहे.
दुसरी हलकी, अर्ध्यातच सुटलेली,
मागून कुणी हाक मारावी तशी.
की टाकातली शाईच संपली होती?
मी कागद उचलून उजेडाकडे धरते.
कागद टेबलावरच राहू द्या बाई,
पलीकडून आवाज येतो.

नाताळला अजून नऊ दिवस आहेत.