लांबी

फातोर्ड्याच्या मैदानावर
गाड्या उन्हात मांडून ठेवल्यात,
लग्नात नवरीपेक्षा जास्त नटलेल्या
तिच्या आतेबहिणींसारख्या.

बाबा स्कूटरवरून उतरले ते
दोन पावलं माझ्या पुढेच.
खिशात घडी घातलेलं पिवळं फडकं.
गॅरेज बंद करून सहा वर्षं झाली,
फडकं अजून रोज धुतलं जातं.

छप्पर कापलेली अँबॅसडर पाहून म्हणाले,
"पावसात काय करणार हा?"
माझ्या कमरेएवढ्या चाकांच्या जीपला
नुसताच नाकातून उच्छ्वास.
मॉरिस मायनरपाशी मात्र वाकले,
सुतार फळीची धार बघतो तसा एक डोळा मिटून
बॉनेटपासून डिकीपर्यंत बघत राहिले.
'हात लावू नये' ही पाटी
मी वाचेपर्यंत
हात लावून झाला होता.

मग ती ओपेल.
वांग्याच्या रंगाची, रंगात चमकी,
बाजूंवर ज्वाळा, आत निळा दिवा,
आणि एवढं मोठं संगीत की मागची काच थरथरत होती.
मालक ब्रायसन फुर्तादो, लोटलीचा,
कोपरापर्यंत गोंदलेला, हसरा पोर.
"शपायची गाडी, अंकल.
रंग माझा. पत्रा ओरिजिनल.
तीस वर्षं एकट्या शपायनं चालवली,
एक ओरखडा नाही.
शामायनं तर स्टिअरिंगला
बोट लावलं नाही कधी."

बाबांनी मागच्या डाव्या दारावर
बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं,
पर्र्याचं कलिंगड निवडावं तसं.
ठण्. ठण्. ठण्.
ठप्.

पुन्हा तिथेच. ठप्.

मी कारागिराची मुलगी आहे.
पत्रा बोलतो, लांबी बोलत नाही,
हे मला बाराखडीच्या आधी ठाऊक.
मी बाबांकडे बघितलं.
बाबा ज्वाळांकडे बघत होते.

मग त्यांनी फडकं काढलं,
दारावर उमटलेला आपल्या बोटांचा घाम पुसला,
आणि म्हणाले, "बरी दवरल्या रे."

लिंबूसोड्याच्या गाड्यावर मी विचारलंच.
बाटलीतली गोटी दोनदा फिरवून
ते तुकड्यातुकड्यानं म्हणाले:
एकोणऐंशी साल.
तेव्हा राखी रंग होता.
दोतोर मुंबईला.
बाई एकटीच शिकत होती,
पहाटे, दिवे न लावता.
फाटकाचा चिऱ्याचा खांब.

तीन रात्री.
काळा, पांढरा, थेंबभर निळा,
मग कळलं की पिवळाही लागतोय,
नाहीतर दिवसाउजेडी ठिगळ दिसेल.
पैसे किती दिले, ते आठवत नाही म्हणाले.
बाबांना सगळ्या गाड्यांचे पैसे आठवतात.

आणि मला आठवलं ते ताट.
निळ्या फुलांचं, काठाला टवका उडालेलं.
नाताळाला नेवऱ्या भरून लोटलीहून यायचं,
चवथीला आमच्या नेवऱ्या घेऊन
त्याच वाटेनं परत जायचं.
कोणाचं, म्हणून विचारलं तर
आई म्हणायची, "गिऱ्हाईक."
एका वर्षी आलं नाही.
आईनं कपाटावरची त्याची जागा
बरेच दिवस मोकळी ठेवली होती.

"पुढे शिकली का ती?"
"कोण?"
"बाई."
बाबांनी गाड्यावर बाटली ठेवली.
"दारात एकदाच खड्डा पडला," म्हणाले,
"त्यावरून काय समजायचं ते समज."

मागे ब्रायसननं इंजिन चालू केलं,
लोकांनी फोन उंच धरले.
बाबांनी वळून पाहिलं नाही,
फक्त आवाज ऐकला, मान किंचित कलती करून,
आणि एक टॅपेट सैल आहे असं
सोडावाल्याला सांगितलं.

परतताना मी चालवत होते, ते मागे.
आर्लेंच्या सर्कलपाशी गर्दी तुंबली.
माझ्या हेल्मेटवर मागून
पेरानं दोनदा टकटक.

"काय?"

"कांय ना," म्हणाले.
"चल."